खडकवासला ते खतावणी



दहावी-बारावीचा निकाल लागला, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, 'मग, पुढं काय?' तुम्ही एखादं उत्तर तयार ठेवलेलंच असतं. ते ऐकून पाहुणे मान डोलावतात, चहा पितात नि जातात. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. 'तिथं पोचल्यावर वाट बदलावीशी वाटली, तर काय करशील?'

हा प्रश्न माझ्यापुढं अठराव्या वर्षी उभा राहिला. तेव्हा मी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपल्या एन.डी.ए.त कॅडेट होतो. आणि मला वाटू लागलं होतं, की आपण सी.ए. व्हावं!

हसलात ना? तेव्हाही पुष्कळजण हसले होते.

आधी ही प्रबोधिनी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला तिची कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचं उद्घाटन झालं. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी इथं एकत्र शिकतात. तीन वर्षं, सहा टर्म. शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे दुंडिगलला पुढच्या प्रशिक्षणासाठी जातात. २०२२ पासून इथं मुलीही शिकू लागल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीच्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

प्रवेश सोपा नाही, बरं का! लेखी परीक्षा ९०० गुणांची. तीत पास झालात, की निवड मंडळापुढची मुलाखत नि चाचण्या आणखी ९०० गुणांच्या. शिवाय वैद्यकीय तपासणी. लाखो मुलांतून काहीशे निवडले जातात. माझं नाव यादीत आलं, तेव्हा आमच्या गावानं माझी ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडं घराघरांत एक तरी फौजी असतो. माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्या दिवशी त्यांनी जुनी मेडलं काढून सदऱ्यावर लावली होती.

आता तुम्ही म्हणाल, असं असताना सोडायचा विचार आलाच कसा? पहाटे उठणं झेपेना? शिक्षा झाल्या?

शिक्षा सगळ्यांनाच होतात. पहाटे उठणंही अंगवळणी पडतं. ड्रिल, पी.टी., पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि मधल्या वेळात कॉलेजचे तास. दमायला व्हायचं खरं, पण मला काही वाईट वाटत नव्हतं. माझा विचार सुरू झाला तो शेजारच्या केबिनमधल्या मित्रामुळं. हा गढवालचा. धावण्यात माझ्यामागं, गणितात तर फारच मागं. पण रायफल साफ करायला बसला, की त्याचं भान हरपायचं. पुसलेला भाग पुन्हा पुसायचा नि गुणगुणत राहायचा. पावसात नकाशा घेऊन डोंगर हिंडायचं काम आलं, की आम्ही तोंड वाकडं करायचो. हा मात्र चिखलात बसून नकाशावरच्या रेघा न् समोरच्या टेकड्या जुळवत बसायचा. मी ती सगळी कामं नीट करायचो आणि संपली, की सुटल्यासारखं वाटायचं.

मला काय आवडायचं, सांगू? रविवारी ग्रंथालयात इंग्रजी वर्तमानपत्रं यायची. त्यांत कंपन्यांचे तिमाही निकाल छापलेले असतात. मुंगीच्या पायाएवढे आकडे! कुणी बघतसुद्धा नाही. मी ते वहीत उतरवून घ्यायचो. विक्री वाढलीय, मग नफा का घटला? कर्जावरचं व्याज एवढं का? दोन-दोन तास कुठं जायचे कळायचं नाही. ग्रंथालयातलं अर्थशास्त्राचं एक जाड पुस्तक तर मी एका टर्ममध्ये दोनदा वाचलं.

तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक कामाला एक चकचकीत बाजू असते आणि एक कंटाळवाणी. गणवेश, बँड, संचलन ही लष्कराची चकचकीत बाजू. ती मला आवडत होतीच, ती कुणाला आवडत नाही? पण दिवसातला पाऊण वेळ दुसऱ्याच बाजूत जातो. आपल्याला कोणत्या कामाची कंटाळवाणी बाजू गोड लागते, ते पाहायला हवं. माझ्या मित्राला लष्कराची लागत होती. मला हिशेबाची.

मी आमच्या डिव्हिजनल ऑफिसरांना भेटलो. ते रागावले नाहीत. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, असा निर्णय वाईट दिवशी घ्यायचा नाही. ज्या दिवशी शिक्षा झालीय, घरची आठवण येतेय, त्या दिवशीचा निर्णय तुझा नसतो, तो त्या दिवसाचा असतो. दुसरी गोष्ट पैशांची. प्रवेशाच्या वेळी पालकांनी सरकारला बाँड लिहून दिलेला असतो. कॅडेट स्वतःच्या मर्जीनं सोडून गेला, तर त्याच्या प्रशिक्षणाचा तोवरचा खर्च भरून द्यावा लागतो. जितके दिवस जास्त, तितकी रक्कम मोठी. म्हणजे पाहा, घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही!

पहिली टर्म संपली नि मी सुट्टीत घरी गेलो. तीन दिवस जीभ रेटेना. चौथ्या दिवशी संध्याकाळी आबा गोठ्यात म्हशीची धार काढत होते. तिथंच सांगितलं. धारेचा आवाज थांबला.

"चोवीस वर्षं सायबांना सॅल्यूट ठोकले," आबा म्हणाले. "आता माझ्या पोराला कुणीतरी ठोकंल, असं वाटलं हुतं."

मी काय बोलणार? बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "एक खरं सांग. भ्या वाटतंय म्हणून येणार हैस का?"

"नाही, आबा."

"मग जा माघारी. तिथलं समदं पास कर आन् मग ये. नापास हून आलास, तर का आलास ते तुझं तुलाच कधी कळायचं न्हाई."

बाँडच्या रकमेचं मी बोललो, तर म्हणाले, "ते माझ्याकडं लागलं."

मी परत गेलो. दुसऱ्या टर्मच्या शारीरिक चाचण्या, परीक्षा, सगळं पास झालो. त्या काळात रोज रात्री वहीत तीन ओळी लिहायचो. आज कुणी न सांगता काय केलं? आज कशाच्या धाकानं काय केलं? आणि आज केवळ लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून काय केलं? चार महिन्यांनी वही चाळली. पहिल्या ओळीत जवळजवळ रोज आकडे होते. तिसऱ्या ओळीत जवळजवळ रोज गणवेश होता. एका छान दिवशी, आमच्या स्क्वॉड्रननं क्रॉसकंट्री जिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी अर्ज दिला.

सोपं नव्हतं हो! पदवी अर्धवट, वर्ष गेलेलं, बारावी शास्त्र शाखेची. कॉमर्सची पाटी कोरी. पण सी.ए.ला कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्याला जाता येतं. तेव्हा तीन वर्षं आर्टिकलशिप असे, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी. २०२३ च्या नव्या योजनेपासून ती दोन वर्षांची झाली आहे. फाउंडेशनचे चार पेपर, इंटरमीजिएटचे सहा नि फायनलचे सहा. उमेदवारीत मी काय केलं? व्हाउचरांचे गठ्ठे सोडले, टिका मारल्या, बेरजा तपासल्या. बरोबरची मुलं जांभया द्यायची. मी मात्र गुणगुणत असायचो!

आणि गावात? 'पळून आला' असं बोलणारे होतेच. आई देवळात जायची वेळ बदलून बसली होती. हे मी लपवत नाही. वाट बदलली, की तिची किंमत आपल्यापेक्षा घरचे जास्त मोजतात. बाँडचे पैसे आबांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून भरले. मी वहीत आबांच्या नावाचं खातं उघडलं आणि विद्यावेतनातून थोडे-थोडे परत देऊ लागलो. प्रत्येक वेळी आबा पावतीवर सही करायचे, नावाआधी 'हवालदार' लिहून. सातव्या वर्षी ते खातं मिटलं.

आज मी पतसंस्थांचे हिशेब तपासतो. गावोगावच्या लोकांनी पै-पै साठवून ठेवलेली ठेव असते ती. गंमत पाहा, सी.ए.ची संस्थाही १९४९ सालचीच. तिचं बोधवाक्य एका उपनिषदातलं आहे. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो, त्याच्याविषयीचं. वाचणाऱ्याला वाटेल, हे तर सीमेवरच्या जवानाबद्दल आहे!

शिवाय लष्करालाही हिशेबनीस लागतातच. हवाई दलात लेखा शाखा आहे. देशभरातल्या भूदल अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्याच्या गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयात होतो. तेव्हा देशसेवा म्हणजे एकच काम, असं समजू नका.

माझा गढवाली मित्र? तो आज कर्नल आहे. प्रबोधिनीच्या ज्या मैदानावरून तो दीक्षान्त संचलन करत गेला, त्याला आज खेत्रपालांचं नाव आहे. याच प्रबोधिनीतून बाहेर पडलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी, २१ व्या वर्षी, रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शेवटची पायरी ओलांडताना कॅडेट ज्याला 'अंतिम पग' म्हणतात, ते पाऊल मी टाकलं नाही. मित्राचा फोटो पाहताना आजही आत कुठंतरी हलतं. तरी प्रबोधिनीत गेलो ते वाया गेलं, असं मला वाटत नाही. वेळेवर पोचणं नि अर्धवट काम न सोडणं मी तिथंच शिकलो.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी असं काही बोलली, तर आबांसारखं आधी विचारा, भीती वाटते म्हणून, की दुसरं काही ओढतंय म्हणून? आणि उत्तर ऐकायला थांबा.

आणि दोस्तांनो, तुम्ही एक करा. एक जुनी वही घ्या नि महिनाभर रोज रात्री त्या तीन ओळी लिहा. कुणाला दाखवू नका. महिन्यानं फक्त पहिल्या ओळी सलग वाचा. पुढच्या वेळी पाहुणे आले, की 'पुढं काय?' याचं उत्तर द्यायला ती वही उपयोगी पडेल.