पुढचा आणि मागचा

२०२४ सालची नागपंचमी ९ ऑगस्टला, शुक्रवारी आली. त्या दिवशी मी पेडण्याहून पणजीला दादाकडे गेलो होतो. बाहेर श्रावणाची सर, आत हळदीच्या पानांत उकडणाऱ्या पातोळ्यांचा वास, आणि पलंगावर दादाचा नातू मोबाईलमध्ये डोके खुपसून बसलेला. आदल्या रात्री पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राला भालाफेकीत रौप्यपदक मिळाले होते. तेच तो पुन्हा पुन्हा पाहत होता. शेवटी त्यालाही कंटाळा आला असावा. त्याने दुसरे काहीतरी लावले आणि ओरडला, "आजो, हें पळय, व्हडी!"

दादाने चष्मा शोधला. मीही जवळ सरकलो.

ती कयाकची शर्यत होती. पुरुषांची, दोघा-दोघांची, पाचशे मीटरची. जर्मनीचे याकोब शोप्फ आणि माक्स लेमके ती १ मिनिट २६.८७ सेकंदांत जिंकले. आदल्याच दिवशी त्यांनी चौघांच्या होडीतही सुवर्ण मिळवले होते. हंगेरी दुसरी, ऑस्ट्रेलिया तिसरी. एवढ्या वेळात आमच्याकडे माणूस पान लावूनही संपवत नाही. शर्यत संपल्यावर दादा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बोट फाटलो धरता न्हय?" म्हणजे, दिशा मागचाच सांभाळतो ना?

मी म्हणालो, "नाही. पुढचा."

"उरफाटें!" दादा म्हणाला.

मला हे ठाऊक होते, त्याचे कारण सांगतो. २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा होड्यांच्या शर्यती आमच्या शापोरा नदीतच झाल्या. जिच्यात आम्ही पोहायला शिकलो, त्या नदीत सबंध देशातली पोरे आलेली. दोन दिवस सकाळी उठून मी काठावर जाऊन उभा राहिलो. एका राज्याचा प्रशिक्षक सावलीला बसला होता, त्याने मला म्हाताऱ्याला सगळे समजावून सांगितले. कनू आणि कयाक यांत फरक आहे. कनूत गुडघा टेकून एका पात्याचे वल्हे मारतात. कयाकमध्ये पाय पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. दोघांच्या कयाकची लांबी फार तर साडेसहा मीटर आणि वजन कमीत कमी अठरा किलो. अठरा किलो! मिठाचे अर्धे पोते याहून जड असते. होडीच्या तळाला छोटे सुकाणू असते आणि ते पुढच्याच्या पायाशी जोडलेले असते. वल्ह्यांचा ताल पुढचा ठरवतो, पायाने दिशाही तोच राखतो. मागच्याने पुढच्याच्या पाठीकडे बघायचे आणि त्याचे पाते पाण्यात शिरेल त्याच क्षणी आपले शिरवायचे. किंचित उशीर झाला की होडी अडखळते.

मी हे सारे दादाला सांगितले, तेव्हा तो हसला नाही. त्याचे कारण नदीपलीकडे, साठ वर्षांमागे होते.

आमच्या बाबांची एक होडी होती. उन्हाळ्यात आगरवाड्याच्या मिठागरांतून मीठ भरून आमच्या गावच्या धक्क्यावर आणायचे, हे आम्हा दोघा भावांचे काम. मी पुढे, दादा मागे. मागचा म्हणजे मालक. वल्हे तिरके धरून तो होडी वळवी, भरती-सुकतीचा अंदाज घेई, आणि मी नुसता खेचायचा. रेव कुठे वर आली आहे हे पुढे बसलेल्या मला आधी दिसे. पण मी मागे वळून सांगू लागलो की दादा खेकसे, "फुडें पळय, फाटीं न्हय!" एकदा मी सांगायचा राहिलो आणि होडी रेवेवर चढली. मिठाची दोन पोती भिजली. बाबांनी मार मात्र दादाला दिला, कारण तो मागे बसला होता. दादाने माझे नाव सांगितले नाही. मीही सांगितले नाही. आज हे लिहिताना मला थोडी लाज वाटते.

घरात आम्ही तिला ‘व्हडी’ म्हणत असू, आणि शाळेच्या वहीत ‘होडी’ लिहीत असू. यात काही विशेष आहे असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. पुढे दादा नोकरीसाठी पणजीला गेला, मी गावात मराठी शाळेचा मास्तर झालो. आणि १९८५ नंतरच्या त्या दोन वर्षांत एकाच वस्तूच्या या दोन नावांनी आमचे घर दुभंगले. दादा कोकणीच्या सभांना जाई, मी मराठीच्या. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करता येईल, असे त्यात राहिले. दादाला ते न्याय्य वाटले, मला वाटले की आम्हाला ओटीवर बसवून पान वाढले. (मला अजूनही तसेच वाटते, पण ते वेगळे.) त्या वर्षी चवथीला दादा गावी आला नाही. आई म्हणे, तुम्ही भांडता ते तरी कुठल्या भाषेत? आणि खरेच, भांडण आम्ही पेडण्याच्या बोलीतच केले होते. हरिपाठ मात्र दोघेही मराठीतच म्हणत होतो.

दुसऱ्या वर्षी मी होडी विकली. बाबा नव्हते, दादाला विचारले नाही. रागाच्या भरात विकली असे म्हणावे, तर तसेही नाही. मला पैशांची गरज होती आणि दादाला पत्र लिहायची इच्छा नव्हती. आई गेली तेव्हा आम्ही पुन्हा बोलू लागलो, येणे-जाणे सुरू झाले. पण होडीचे नाव दादाने कधी काढले नाही. छत्तीस वर्षे.

आणि आता हा मोबाईल. नातवाने दुसरी एक शर्यत लावली, हांगझोच्या आशियाई स्पर्धेतली. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कनूत हजार मीटरमध्ये भारताला कांस्य मिळवून दिले. १९९४ला हिरोशिमाला सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांना याच शर्यतीत कांस्य मिळाले होते, त्यानंतर थेट हे. सुनील मणिपूरच्या लोकटाक सरोवराकाठचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. अर्जुन रुडकीचा. दादाने विचारले, "हे होडयेंत खंयचे भाशेंत उलयतात?"

नातू म्हणाला, "आजो, शर्यतींत कोण उलयता?"

दादाने त्याच्याकडून मोबाईल घेतला आणि जर्मनांची शर्यत पुन्हा लावायला सांगितली. या खेपेस तो मागच्याकडेच बघत होता. पुढच्याच्या पाठीआड तो अर्धा झाकलेला, मान खाली नाही, वर नाही. संपल्यावर, मोबाईलवरून नजर न काढता, दादाने विचारले, "व्हडी कोणाक दिल्ली?"

"शिवोलीच्या एका पागोऱ्याला."

"कितल्याक?"

"अडीचशे."

"चड कमी," तो म्हणाला. म्हणजे फारच कमी. मग बराच वेळ पाऊस ऐकत बसला. आतून वहिनींनी पातोळ्या आणल्या. पानाची घडी उलगडता उलगडता त्याने विचारले, "आनी वल्हीं?"

वल्ही मी विकली नव्हती. का नाही, ते मला सांगता येणार नाही. घेणाऱ्याने मागितली होती, जास्त पैसेही देत होता. दोन्ही माळ्यावर आहेत, असे मी म्हणालो. एकाच्या पात्याला वाळवी लागली आहे.

"खंयच्याक?"

"माझ्या."

"म्हजें म्हाका दी."

चवथीच्या आधी मी ते न्यायचे ठरवले. माळ्यावरून उतरवले, ओल्या फडक्याने पुसले, दांड्याला गोणपाट गुंडाळले. पेडण्याच्या स्टँडवर कंडक्टरने ते आडवे-उभे करून पाहिले. दारातून आत घ्यायला दोघे लागलो, एक पुढे, एक मागे. "मास्तर, हें कितें?" त्याने विचारले. मी ‘वल्हे’ म्हणालो, तेव्हा त्याने विचार करून सामानाचे पाच रुपये जास्त घेतले.