बिस्मिल्लाह म्हणून चाप ओढताना

विदर्भातल्या शेतकऱ्याला रोही म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हरभऱ्याच्या उभ्या पिकातून रात्री कळप गेला की सकाळी बांधावर उभं राहून बघत बसायचं. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात, पण तो गाय नव्हे, कुरंग जातीचा प्राणी. मुसलमानासाठी त्याचं मांस हलाल. आपल्याकडे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि पीक खाणाऱ्या रोहीलाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

हाच रोही अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण टोकाला आहे. 1920-30 च्या दशकांत किंग रँच नावाच्या प्रचंड कुरणावर तो आणून सोडला गेला आणि तिथल्या काटेरी झुडपांत असा रुळला, की आज त्याची संख्या हजारोंमध्ये आहे. बाहेरून आलेला प्राणी असल्यानं तिथं त्याच्या शिकारीला ठरावीक हंगाम नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती लागते. शिंगं जेमतेम वीतभर, त्यामुळे भिंतीवर टांगायला त्याचं डोकं फारसं कुणी नेत नाही. लोक जातात ते मांसासाठी.

माझा मामेभाऊ बरीच वर्षं टेक्सासला आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच विषय होता : सेमी-कस्टम रायफल. रेडिमेड शर्ट, शिंप्याकडून शिवलेला शर्ट आणि रेडिमेड घेऊन अंगावर बेतून घेतलेला शर्ट, यातला तिसरा प्रकार म्हणजे ही रायफल. कंपनीचे ठरलेले नमुने असतात, पण नळी कोणती, दस्ता किती लांब, चाप किती हलका, हे गिऱ्हाईक सांगतं आणि कारागीर ते हातानं जुळवतो. आत बसवलेली यंत्रणा बहुतेक वेळा 1962 साली आलेल्या रेमिंग्टन 700 च्या धर्तीवरचीच असते. साधी चांगली रायफल हजार डॉलर्सच्या आत येते. ही तीन हजारांपासून सुरू होते आणि दुर्बिणीचे पैसे वेगळे.

शनिवारी तो मला नेमबाजीच्या मैदानावर नेई. तिथं अशा रायफली बाळगणारे सहा-सात जण तरी भेटले, आणि प्रत्येकाला मत होतं. एकानं पाकिटातून कागद काढून दाखवला. शंभर यार्डांवरून मारलेल्या तीन गोळ्या, तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. दुसरा म्हणाला, तीन गोळ्यांचं काय घेऊन बसलात, दहा मारा आणि मग दाखवा. त्याचं खरं होतं. तीन गोळ्या नशिबानंही जवळ पडतात. तिसऱ्यानं कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळीची हलकी रायफल घेतली होती. डोंगर चढायला उत्तम, पण दणकट काडतूस आणि हलकी बंदूक एकत्र आली की खांद्याला असा धक्का बसतो, की माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. हे त्यानं स्वतःच सांगितलं आणि तरीही रायफल सोन्यासारखी आहे म्हणाला. चौथ्याला आठ महिने वाट पाहावी लागली होती. पाचवा म्हणाला, विकायला गेलात तर तुमच्या मापाच्या दस्त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही, निम्मे पैसे बुडाले समजा.

ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. ज्यानं पाच हजार डॉलर्स मोजलेत, तो वस्तू वाईट आहे असं सहसा म्हणत नाही. आपल्याकडे प्लॉट घेतलेला माणूस तरी कुठं म्हणतो! तक्रारी मिळाल्या त्या कौतुकाच्या आत दडलेल्या. त्या वेचून काढाव्या लागतात.

मग आम्ही घरी हिशेब मांडला. साधारण कारखानी रायफल शंभर यार्डांवर दीड इंचात गोळ्या टाकते. दोनशे यार्डांवर ते तीन इंच होतात. रोहीच्या छातीतला जिथं गोळी लागायला हवी तो भाग आठ इंचांहून लहान नाही. म्हणजे प्राणी जखमी होऊन पळतो तो बंदुकीच्या अर्ध्या-पाऊण इंचामुळे नव्हे. तो पळतो नेमबाजाच्या धापेमुळे, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे आणि 'एवढ्या लांबून जमेल' या घमेंडीमुळे. मोठा नर अडीचशे किलोच्या आसपास भरतो, कातडी जाड. गोळी लागूनही तो झुडपात शिरतो आणि रक्ताचा माग फारसा मिळत नाही.

इथं आमच्यापुढे एक प्रश्न होता, जो त्या मैदानावर कुणालाच पडला नव्हता. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांकरवी, अल्लाहचं नाव घेऊन केलेल्या शिकारीला परवानगी आहे. हत्याराबद्दल अदी बिन हातिम यांची हदीस आहे : टोकानं भोसकलं गेलेलं खा, आडव्या माराने मेलेलं खाऊ नका. आता बंदुकीची गोळी टोक की मार? आपल्या उपखंडातल्या बहुतेक हनफी उलेमांच्या मते ती जोरानं मारते, कापत नाही. म्हणून प्राणी जिवंत हाती लागून जबह झाला तरच हलाल. अरब जगातल्या अनेक उलेमांच्या मते गोळी भेदून जाते. बिस्मिल्लाह म्हणून झाडली असेल तर जागीच मेलेला प्राणीही हलाल.

भावाचं घर हनफी. त्यामुळे पेच असा, की सर्वात कमी यातना देणारी गोळी, जी प्राण्याला जागच्या जागी संपवते, तीच मांस हराम करणारी. आणि सुरी घेऊन पोचेपर्यंत तो जिवंत राहावा म्हणून मुद्दाम कमी घातक जागी नेम धरायचा, तर ज्या पैगंबरांनी सुरी धारदार करायला आणि जनावराला त्रास न द्यायला सांगितलं, त्यांच्या शिकवणीचं काय? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही किमतीची रायफल देत नाही.

मला वाटतं, निर्णय बंदूक उचलण्याआधी घरी, शांतपणे, जाणकार आलिमांना विचारून व्हायला हवा. गोळीची शिकार हलाल मानणारं मत प्रामाणिकपणे पटत असेल तर ते घ्या, आणि मारायचं तर स्वच्छ मारा. पटत नसेल तर शिकारीला जाऊ नका. कसायाचं दुकान आहेच. पण मांस हलाल व्हावं म्हणून प्राण्याला तडफडत ठेवायचं, हा मधला मार्ग नाही. ती फक्त आपली सोय.

भाऊ दोन आलिमांशी बोलला. एकांनी नाही म्हटलं, दुसऱ्यांनी दोन्ही मतं दलिलांसह समजावली. त्यानं दुसरं मत घेतलं. घरात सगळ्यांना ते पटलेलं नाही. भाभी ते मांस अजूनही खात नाही, आणि तिच्या ताटात ते कुणी वाढतही नाही.

रायफल त्यानं अखेर सेमी-कस्टमच घेतली, पण त्या कागदावरच्या भोकांसाठी नव्हे. त्याची उंची पाच फूट चार इंच. कारखानी दस्ते साडेतेरा-पावणेचौदा इंचांचे, मोठ्या अंगाच्या माणसासाठी बेतलेले. त्याला मान ताणून दुर्बिणीत बघावं लागे. माप कापून घेतल्यावर गाल नेमका टेकतो. हलकी नळी टाळली, वजन राहू दिलं. आणि एक नियम स्वतःला घालून घेतला : दीडशे यार्डांपलीकडे नाही, वारा असेल तर नाही, जनावर चालत असेल तर नाही.

परवा फोनवर विचारलं, यंदा काय? म्हणाला, चार वेळा गेलो, एकदाच गोळी झाडली. अशी रायफल घ्यायची म्हणून कुणी मला मत विचारलं, तर बाळगणाऱ्याला मी आता कागद दाखवायला सांगणार नाही. रोही समोर असताना किती वेळा चाप ओढला नाहीस, तेवढं विचारीन.