दुर्बीण, देऊळ आणि आबा

माणसाने आयुष्यात काही वस्तू स्वतःच्या अकलेने विकत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे. पहिली वस्तू चप्पल आणि दुसरी दुर्बीण. चप्पल चुकली तर निदान पायाला कळते. दुर्बीण चुकली तर मात्र माणूस स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेऊ लागतो. मी मराठीचा प्राध्यापक. समास कसा सोडवावा हे मी झोपेतही सांगेन, पण दुर्बिणीवर कोरलेल्या दोन आकड्यांचा विग्रह मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत आला नव्हता.

पक्षी पाहण्याचा नाद मला उशिरा लागला. आमचे मूळ गाव पळसदेव. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघालात की लागते ते. पण आज रस्त्याकाठी दिसते ते नवे गाव. जुने गाव भीमेच्या काठी होते आणि उजनीच्या धरणाने ते पोटात घेतले. धरण 1980 साली पुरे झाले. माझा जन्म त्याच सुमाराचा, त्यामुळे जुने गाव मी पाहिले ते फक्त आबांच्या बोलण्यातून. त्या गावात पळसनाथाचे प्राचीन देऊळ आहे. ‘आहे’ असे मी जाणूनबुजून लिहितो, कारण ते पाण्याखाली उभेच आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की आधी शिखर वर येते आणि दुष्काळी साली अख्खे देऊळ उघडे पडते.

2023 च्या उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा गळ्यात नवीकोरी दुर्बीण होती. खिशात मावणारी, घडीची, आणि अंगावर ‘30’ हा आकडा ठळक छापलेला. तीसपट मोठे दिसणार म्हणून मी ती मोठ्या हौसेने घेतली होती. आबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“ह्यातून देऊळ दिसंल का रं?”

“दिसेल की! चला आबा, संध्याकाळी जाऊ.”

आबांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. गुडघे गेलेले, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, उजवा डोळा राहिलेला, वर जाड चष्मा. गाळातून चालत देवळाशी जाणे किंवा होडीत चढणे त्यांना आता शक्य नाही. काठावर बसून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. हात थरथरत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग दुर्बीण माझ्या हातात देत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. माझं डोळंच गेलं आता.”

ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले. कारण मी स्वतः पाहिले तेव्हा मलाही एका अंधाऱ्या नळीत काहीतरी हलताना दिसत होते, इतकेच. पण आबांनी दोष घेतला तो स्वतःच्या डोळ्यांवर.

त्याच हिवाळ्यात मी भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो. पहाटे होडीतून निघालो. होडीवाला मूळचा मासेमारी करणारा, पण पक्ष्यांची नावे त्याला आमच्या विद्यार्थ्यांना मराठी वृत्ते येतात त्याहून पुष्कळच चांगली येत होती. त्याने दूरवर बोट दाखवले. “सर, पट्टकदंब बगा. हिमालय वलांडून आल्यात.” मी दुर्बीण लावली. होडी हलत होती, मी हलत होतो, आणि तीसपट मोठे झालेले पाणी माझ्या डोळ्यांपुढे समुद्रासारखे उसळत होते. होडीवाल्याने गालातल्या गालात हसून आपल्या गळ्यातली दुर्बीण काढून दिली. सुतळीचा पट्टा, झिजलेली कड, आणि आकडे 8 आणि 42. ती डोळ्यांना लावली मात्र, आणि करड्या ठिपक्यांचे हंस झाले! पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मला मोजता आले. त्या दोन पट्ट्यांवरूनच त्याला ते नाव मिळाले आहे.

“सर, मोठं दिसण्यापरीस निवांत दिसलं पायजे,” तो म्हणाला. सगळे दुर्बीणशास्त्र या एका वाक्यात आहे. बाकीचे मी परत आल्यावर शिकलो, ते वाचकांच्या सेवेला सादर करतो.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. वस्तू जितकी पट मोठी होते, तितकाच पट हाताचा कंपही मोठा होतो. म्हणून हातात धरून पाहायचे तर आठपट बहुतेकांना पुरे. हात स्थिर असेल आणि उघड्या पाणथळीवर लांबचे पाहायचे असेल तर दहापट चालेल. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. 42 ला 8 ने भागले की सव्वापाच येतात. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ती रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुर्बीण हातभर लांब धरून पाहिली तर मागच्या भिंगात तो प्रकाशाचा गोल ठिपका चक्क दिसतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, पण सांजेला ती मोठी होते आणि तेव्हा बारीक झोताची दुर्बीण अंधारी वाटते. माझ्या दुर्बिणीचे भिंग 25 चे होते. तीसपटीला झोत एक मिलिमीटरही भरत नव्हता! आबांचे डोळे बिचारे काय करणार?

पूर्वीचे शिकारी आणि खलाशी 7 आणि 50 ची दुर्बीण बाळगत, ती याचसाठी. तिचा झोत सात मिलिमीटरचा. पहाटेच्या अंधुक प्रकाशात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढी उघडते. उतारवयात मात्र ती तितकी उघडत नाही, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने ते वजन गळ्यात बाळगून उपयोग नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार संपली आणि दुर्बीण तेवढी उरली. हे तसे आपल्या परंपरेला धरूनच झाले. सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. अशीच एक पिवळ्या गळ्याची चिमणी पडली, ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला.

दुकानात मी या खेपेला विद्यार्थी म्हणून गेलो. दोन घडणी असतात. एक खांदे बाहेर काढलेली, जुनी, पोरो नावाच्या इटालियन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात काढलेल्या लोलकांची. दुसरी सरळ नळ्यांची. थोड्या पैशांत चांगले दिसायचे तर पहिली, आटोपशीर आणि पाण्याला दाद न देणारी हवी तर बहुधा दुसरी. लालभडक चमकणाऱ्या भिंगांना भुलू नये, ती लाल प्रकाश बाहेरच परतवून लावतात. पट कमीजास्त करणाऱ्या दुर्बिणीच्या वाटेला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. चष्मा असेल तर मागच्या भिंगापासून निदान पंधरा-सोळा मिलिमीटर दूर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसते का ते पाहावे, आणि रबरी वाट्या खाली करून चष्म्यासकट पाहावे. दुकानाच्या दारात येऊन समोरची पाटी वाचावी, कडेची अक्षरे फिसकटतात का ते बघावे. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानदाराने शेवटी दाखवली. उजव्या डोळ्याशी एक वेगळी कडी असते. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायचे, मग डावा मिटून त्या कडीने उजव्याला. दोन डोळ्यांच्या नजरेत फरक असेल तर तो असा भरून निघतो. मला आबांचे दोन डोळे आठवले. मी 8 आणि 42 ची, सरळ नळ्यांची दुर्बीण घेतली.

2023 चा पावसाळा उणा गेला होता. 2024 च्या एप्रिलमध्ये उजनीचे पाणी इतके उतरले की पळसनाथ पायापर्यंत उघडा झाला. मी आबांना गाडीने काठापर्यंत नेले, खुर्ची मांडली, कोपर टेकायला मांडीवर उशी दिली. ते आधी नकोच म्हणत होते. “मागं बघितलं की. न्हाई दिसत मला.”

“आबा, मागची दुर्बीण खोटी होती. तुमचे डोळे नाही.”

डावा डोळा जुळवला. मग उजव्यासाठी मी ती कडी हळूहळू फिरवत राहिलो. “आता?” “न्हाई.” “आता?” “जरा मागं घे.” आणि एकदम आबांचा हात माझ्या मनगटावर आला. “थांब. हलवू नगंस.”

ते पाहत होते. मग देवळापासून सुरुवात करून ते बोलू लागले. कुठे पार होता, कुठे वेस, कुठल्या बाजूने आई पाणी आणायची. मला नुसता भेगाळलेला गाळ दिसत होता. पलीकडे उथळ पाण्यात रोहितांचा थवा चोची उलट्या बुडवून चरत होता.

“ती तांबूस पाखरं हायत ना,” आबा म्हणाले, “तिथनं आपलं मळीचं रान सुरू व्हायचं. ज्वारी अशी यायची!” थोडा वेळ थांबून म्हणाले, “चरू देत. कुणाच्या तरी पोटाला लागतंय.”

अंधार पडेपर्यंत त्यांनी दुर्बीण सोडली नाही.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, उजनी काठोकाठ भरली आणि पळसनाथ पुन्हा पाण्याखाली गेला. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आबांनीच विषय काढला. “आता जाऊन काय दिसंल रं?”

“देऊळ नाही दिसणार आबा. पाणी उतरेल तसे थोड्या दिवसांनी पक्षी येतील.”

आबांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. “मग पाखरं बघू,” म्हणाले. “आपल्याच रानात उतरत्यात ती.”