मुलीचे मामा कुठे आहेत?

मुहूर्त जवळ आला की गुरुजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा नेमके आचाऱ्याशी हुज्जत घालत असतात. मग धावपळ होते, कोणीतरी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवतं आणि घामाघूम मामा भाचीला अंतरपाटाजवळ आणून मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभे राहतात. कन्यादान बापाचं, पाठीशी उभं राहणं मामाचं. मला तरी कन्यादानापेक्षा हाच विधी अधिक बोलका वाटतो.

गंमत म्हणजे ज्या मामाला एवढा मान, त्याचीच मुलगी आपल्याकडे अनेक जातींत हक्काची बायको. आत्याची मुलगी मात्र बहुधा चालत नाही. कर्नाटक-तमिळनाडूत दोन्ही चालतात, शिवाय कित्येक समाजांत थोरल्या बहिणीची मुलगीही. हरियाणात यातलं काहीच नाही. तिथे आईचं गोत्रसुद्धा वर्ज्य. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात बसवलं, ते म्हणूनच.

हा भेद जुनाच आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या खास चालींची यादी आहे: शिळं खाणं, बायकोबरोबर जेवणं आणि मामे-आतेबहिणीशी लग्न. उत्तरेकडच्याही आहेत: लोकर विकणं, मद्य पिणं, समुद्रप्रवास. दक्षिणेची चाल उत्तरेत केली तर दोष, उत्तरेची दक्षिणेत केली तरी दोष. सोवळ्याओवळ्याच्या ग्रंथात इतका मोकळेपणा सापडतो याचं मला अजून नवल वाटतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही मामे-आतेभावंडांचं लग्न निषिद्ध ठरवून रूढीला सूट ठेवलीच. अर्जुनाने तर सुभद्रेला, म्हणजे सख्ख्या मामाच्या मुलीलाच पळवलं होतं.

घरातली मुलगी घरात राहते, जमीन बाहेर जात नाही, सासूही परकी नसते, असं या सोयरिकीचं समर्थन होतं. डॉक्टरांचे आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. माझा आक्षेप वेगळा. भाचीचं लग्न मामाशीच झालं, तर नवऱ्याशी बिनसल्यावर तिनं गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे? तिच्या बाजूनं भांडणारा हक्काचा माणूसच समोरच्या पक्षात जाऊन बसतो. आईही धड बोलू शकत नाही. जावई म्हणजे तिचाच भाऊ.

उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी गावात जाते. तिथे भाऊ हाच तिचा जामीन. मुलाचं किंवा मुलीचं लग्न ठरलं की बाई माहेरी जाऊन भावाला रीतसर आमंत्रण देते आणि तो लग्नाआधी भात घेऊन येतो. भात म्हणजे शिजवलेला नव्हे. साड्या, दागिने, रोकड, सासरच्या माणसांचे कपडे. राजस्थानात त्यालाच मायरा म्हणतात. सगळ्या गोतावळ्यादेखत भाऊ बहिणीला चुनरी पांघरतो. या प्रथेपायी कर्जबाजारी होणारे भाऊ आहेत, हे मान्य. पण इतक्या वर्षांनीही मागे माणसं आहेत, हे सासरला दाखवण्याचा तो दिवस असतो.

आणि मुलगी कुठे गेलीच नाही तर? मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईचं चालतं आणि घर धाकट्या मुलीकडे जातं. पण कुळाच्या कारभारात शब्द मामाचा. बाईचं घर म्हणजे बाईचं राज्य, असा सरळ हिशेब कुठेच नसतो.

पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवरही मामाच मोठा. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे राहिला. तिथे मूल आईच्या कुळाचं. शिस्त लावणारा आणि वारसा देणारा मामा. भाऊ दर हंगामात उत्तमातले सुरण-कोनफळासारखे कंद बहिणीच्या दारी पोचवतो. बापाच्या हाती सत्ता नाही, म्हणून तो मुलांना खांद्यावर घेऊन खेळवायला मोकळा. आपल्याकडच्या जुन्या, दारातून आत येताच घर चिडीचूप करणाऱ्या बापांनी याचा हेवाच केला असता. पण तिथेही माया कुळाचा नियम पाळत नाही. ओमाराकाना गावच्या मुखियाचा आपल्या मुलावर जीव होता, आणि गावावर हक्क मात्र भाच्यांचा. भांडण पेटलं तेव्हा भाच्यांनी रात्रीच त्या मुलाला जाहीरपणे गाव सोडायला फर्मावलं. त्यांचा तो हक्कच होता; मुखिया असूनही बापाला मुलाला थांबवून घेता आलं नाही.