रोवाकावरचा रॅम्प

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

जोत्याची उंची दोन फूट भरली. सगळी अडचण त्या दोन फुटांत आहे.

कोलकात्यात बागबाजार स्ट्रीटवरून आत वळलं की सात फुटी गल्ली लागते. गल्लीत डाव्या हाताला हे शंभरी उलटलेलं दुमजली घर. समोर बत्तीस फूट लांब, साडेपाच फूट रुंद असा लाल सिमेंटचा ओटा. इथे त्याला रोवाक म्हणतात. उजव्या टोकाला सदर दरवाजा आणि त्याच्यापुढे सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या. घर बोउदींचं; बोउदी म्हणजे वहिनी. त्यांना तळमजला म्हाताऱ्या माणसांच्या डे केअरसाठी द्यायचाय. सकाळी दहाला यायचं, दुपारी जेवायचं, थोडं लवंडायचं, पाचला आपापल्या घरी. बोउदींची मुलगी पुण्यात माझ्याच ऑफिसात असते. तिच्या शब्दावर मी इथे आले, आणि बोउदींच्या सासूबाईंच्या शेजारच्या खोलीत माझी सोय झाली.

घराची बाकीची मापं उत्तम आहेत. बैठकीची खोली अठरा बाय चोवीस, तिच्यामागे बारा बाय अठराची दुसरी, मग उठोन म्हणजे चौक, आणि चौकाच्या पलीकडे स्वयंपाकघर. छत चौदा फुटांवर. खिडक्यांना खडखडी, म्हणजे फळ्यांची झडप: ऊन अडतं, वारा येतो. असं घर आज कोणी बांधून देणार नाही.

पण गुडघे गेलेल्या माणसाला त्या चार पायऱ्या म्हणजे बंद दार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जोतं उंच का, ते बोउदींनी आज भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. दाराच्या चौकटीपाशी पाण्याची फिकट रेघ आहे. गेल्या २२-२३ सप्टेंबरच्या रात्री शहरात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. गल्लीत मांडीपर्यंत पाणी होतं, घरात शिरलं नाही. हुगळीला भरती असली की नाल्यांची दारं बंद ठेवावी लागतात, नाहीतर नदीच आत येईल. त्या तासांत वर पाऊस आणि खाली कोंडलेलं पाणी. जोतं दोन फूट उचलणाऱ्या जुन्या गवंड्याला हे ठाऊक होतं. तेव्हा जोतं खाली घ्यायचा विचार सोडून दिला. त्या दिवशी शहरात माणसं दगावली ती बहुतेक विजेच्या धक्क्याने. म्हणून तळमजल्यावरचे सगळे सॉकेट आणि मीटरचा बोर्ड त्या रेघेच्या बरेच वर घ्यायचे, हे यादीत पहिलं लिहिलं.

आता रॅम्प. २०२१ च्या केंद्र सरकारच्या सुगम्यता मार्गदर्शिकेत, आणि त्याआधीच्यांतही, उतार एकास बारा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांना चोवीस. त्यात वर चाकाची खुर्ची वळेल एवढी दीड मीटरची सपाट जागा हवी, रॅम्पची रुंदी किमान बाराशे मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना कठडे. सात फुटी गल्लीत पुढे इंचभरही सरकता येत नाही.

घराच्या डावीकडे अडीच फुटांची एक बोळ आहे. पूर्वी पाटीचे संडास होते तेव्हा सफाईवाले तिथून यायचे. कंत्राटदार म्हणाला, दीदी, रॅम्प तिकडून काढू, पुढचा भाग खराब होणार नाही. रुंदीलाच ती बोळ अपुरी आहे, पण ती दहा फूट असती तरी मी नाही म्हटलं असतं. ज्या माणसाने ऐंशी वर्षं या पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सदर दरवाजातून ये-जा केली, त्याला पाय थकले म्हणून बाजूच्या बोळीतून आत घ्यायचं? इतका अपमान कुठल्याच मापाने भरून निघत नाही.

संध्याकाळी रोवाकावर चौघांचा गप्पांचा अड्डा. आजपासून मतदारयादीचे फॉर्म घरोघर येऊ लागलेत, सगळी चर्चा त्याचीच. चारही जण सत्तरीच्या पुढचे. त्यांतले एक मेशोमोशाय, म्हणजे काका, अमृत बाजार पत्रिकेच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. ते वर्तमानपत्र याच बागबाजारातून निघायचं, १९९१ ला बंद पडलं. मी मराठी म्हटल्यावर ते हसले आणि हात उंचावून उत्तरेकडे दाखवत म्हणाले, तुमच्या लोकांसाठी आम्ही केवढा खड्डा खणला होता! १७४२ चा मराठा खंदक. बर्गी, म्हणजे मराठा स्वार, आले तर म्हणून खणायला घेतला, पुरा कधी झाला नाही, १७९९ मध्ये बराचसा बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. मराठा डिच लेन मात्र अजून इथेच, बागबाजारात आहे. पावणेतीनशे वर्षांनी मराठी बाई टेप घेऊन आली याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. मलाही वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस फरशीचा.

उत्तर कोलकात्याच्या घरांतली लाल सिमेंटची जमीन मी पुस्तकांत पाहिली होती. घोटून घोटून केलेली, आणि खोलीच्या कडेने चार बोटं रुंद काळा पट्टा. दोन खोल्यांच्या मधल्या दारातही तो पट्टा आडवा गेलाय. सकाळी बोउदींच्या सासूबाई चहाला बैठकीत यायला निघाल्या. वय सत्त्याऐंशी, आठवण अलीकडे बरीच गेलेली. दारापर्यंत नीट आल्या आणि काळ्या पट्ट्यापाशी थबकल्या. पाय उचलला, खाली टेकवेना. मग पट्ट्याच्या पलीकडे पाऊल टाकायला म्हणून इतकी मोठी ढांग घेतली की मी आणि बोउदी दोघी धावलो. ज्या घरात त्या नवरी म्हणून आल्या, त्याच घरातली जमीन त्यांना आज खड्ड्यासारखी दिसते. स्मृतिभ्रंशाच्या माणसांत हे होतं: जमिनीवरचा गडद पट्टा खोल वाटतो, चकाकी पाण्यासारखी वाटते. दारासमोरच्या काळ्या पायपुसण्यानेही हेच होतं.

ही जमीन उखडायची नाही, यावर मी ठाम आहे. चकाकी घासून काढू, ओली असताना पाय घसरणार नाही इतकी खरखरीत करू. कडेचा काळा राहू दे, तिथे कोणी चालत नाही. दारातला आडवा पट्टा मात्र लालात मिळवायचा. बोउदी क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, कर. मधल्या दाराचा लाकडी उंबराही काढावा लागेल. आपल्याकडे उंबऱ्याला हळद-कुंकू वाहतात, इथे चौकाठला मान आहे. उचलून देवघराच्या दारात बसवता येईल.

दुपारी संडास. आहे तो चौकाच्या कोपऱ्यात, तीन फूट बाय चार, दाराला आठ इंचांची पायरी, भारतीय बैठक. चौक उघडा, पावसात भिजत जायचं. चाकाची खुर्ची आत जाऊन वळायची तर खोली साधारण दोन मीटर बाय सव्वादोन मीटर लागते. दार नऊशे मिलिमीटर मोकळं, आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत पडलेल्या माणसाचं शरीर दाराला अडलं तर आत उघडणारं दार बाहेरून लोटता येत नाही, हे ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही. असा संडास मागच्या खोलीच्या कोपऱ्यात घ्यायचा, दार बैठकीतून सरळ दिसेल असं. दिसला तर आठवतो, आठवला तर वेळेवर जाणं होतं. दाराचा रंग भिंतीहून वेगळा, बसायच्या भांड्याचाही. पांढऱ्या टाइलवर पांढरं भांडं धूसर डोळ्यांना दिसतच नाही. दुसरा, लहान संडास जिन्याखाली. मी धरलेल्या बारा माणसांना दोन हवेतच.

९ नोव्हेंबर, रविवार

आज टेप घरी ठेवून चालले. इमारत ठीक, पण ती कुठे आहे यावर अर्धं ठरतं, आणि बाहेर पडल्याशिवाय ते कळत नाही.

गालिफ स्ट्रीटला रविवारचा पक्ष्यांचा, रोपांचा, माशांचा बाजार. गर्दीत म्हातारे बरेच, पिंजऱ्यांपुढे रेंगाळणारे. पुढे गिरीश अॅव्हेन्यू. रस्ता काढला तेव्हा नाटककार गिरीश घोषांचं घर आड आलं. ते राखलं आणि रस्ताच दोन्ही अंगांनी नेला. नाटककारासाठी शहराने एवढं केलं, तर एका रॅम्पच्या परवानगीसाठी महापालिकेत मान खाली घालून जायचं कारण नाही.

उद्बोधन लेनमध्ये मायेर बाडी, म्हणजे आईचं घर. स्वामी सारदानंदांनी कर्ज काढून हे घर बांधलं, खाली मासिकाची कचेरी, वर रामकृष्णांच्या पत्नी शारदादेवींसाठी खोली. १९०९ च्या मे महिन्यात त्या राहायला आल्या. त्यांना संधिवात होता. आज दर्शनाला आलेल्या दोन वृद्ध बहिणी जिन्याच्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होत्या. मी मागे थांबून राहिले.

परतताना घड्याळ लावलं. बोउदींच्या गल्लीपासून औषधांचं दुकान, घाट, बाजार, वाचनालय, सगळं म्हाताऱ्या पावलांनी दहा-बारा मिनिटांत. बागबाजार रीडिंग लायब्ररी १८८३ ची. जे येणार आहेत त्यांतले बहुतेक याच चार गल्ल्यांत राहतात. ज्यांना टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, लागेल त्यांच्यासाठी टोटो गल्लीत शिरतो, पण रुग्णवाहिका नाही. स्ट्रेचर गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावं लागेल: ऐंशी पावलं. मधे एका घराने लोखंडी जिना बाहेर काढलाय, तिथे स्ट्रेचर वळत नाही. त्यांच्याशी बोउदी बोलणार आहेत.

एका हितचिंतकाने राजारहाटला नवीन इमारतीत, लिफ्टसह, दुप्पट जागा सुचवली होती. तिथे एकही माप चुकलं नसतं. पण खिळे जुळवणारे मेशोमोशाय रोज तासभर गाडीत बसून तिथे गेले असते का, आणि गेले असते तर कोणाशी बोलले असते? मुलं बंगळुरूला, पुण्याला, न्यू जर्सीला. उरलाय तो पाडा. म्हाताऱ्या माणसाला पाड्यातून उचलून नेणारी जागा कितीही सोयीची असली तरी मी तिला चांगली जागा म्हणणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बोउदींच्या दिरांना तीस माणसं हवीत, म्हणजे खर्च निघेल. मी कागद पुढे ठेवला. दोन्ही खोल्या मिळून ६४८ चौरस फूट. जपानात २००० साली दीर्घकालीन काळजीचा विमा आला; तिथे अशा केंद्रात जेवणाच्या आणि व्यायामाच्या जागेला माणशी तीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट लागतात. त्या हिशेबाने वीस. अमेरिकेत अनेक राज्यांत माणशी ४० ते ६० चौरस फूट, मग दहा ते सोळा. आणि आमच्या ६४८ मधून नवा संडास आणि दोन पलंगांची लवंडायची जागा अजून वजा व्हायची आहे. मी बारा म्हटलं. दीर नाराज झाले.

आपल्याकडचा नियम काय, असं त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा, त्यात वृद्धाश्रम आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, त्यात बहुसेवा डे केअर केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. मंजूर झालं नाही, लोकसभेबरोबर विरून गेलं. मग बारा की तीस, हे आपल्यालाच ठरवायचं. जिथे नियम नाही तिथे बांधणाऱ्याची जबाबदारी वाढते, असं मी मानते, आणि तसं बोललेही.

मग मूळ हेतूची आठवण दिली: डॉ. लायनेल कोझिन यांनी १९५० च्या दशकात ऑक्सफर्डला म्हाताऱ्या रुग्णांसाठी दिवसाचं रुग्णालय सुरू केलं, ते माणसांनी शेवटी आपल्या घरीच राहावं म्हणून. तीस जणांना भिंतीला टेकून खुर्च्यांत बसवलं की तो हेतूच उरत नाही. कोणी उठून चार पावलं टाकू शकत नाही, संध्याकाळपर्यंत सांधे आखडतात.

दीर बधले ते वेगळ्याच गोष्टीने. डिसेंबर २०११ मध्ये ढाकुरियाच्या एका रुग्णालयात तळघरातल्या साठ्याला आग लागली. खिडक्या काचेने बंद, धूर वर चढला, नव्वदच्या आसपास माणसं गेली. कोलकात्यात ही आठवण कोणालाही सांगावी लागत नाही. मी विचारलं, या घराला बाहेर जायची दारं किती? एक. तीस म्हातारी माणसं, त्यांतली दहा आधाराशिवाय न चालणारी, आणि एक दार.

म्हणून दुसरं दार: चौकातून शेजारच्या घराच्या अंगणात. भिंत सामाईक आहे. शेजारचं घर बोउदींच्या चुलत नणंदेचं. दार एरवी बंद, आतून कडी, कुलूप कधीच नाही. सिलिंडर चौकात, जाळीच्या कपाटात. तळघर नाही, हे बरं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रॅम्प रोवाकावरूनच जाईल. बत्तीस फुटांत हिशेब बसतो: डाव्या टोकाला तीन फूट रस्त्याच्या पातळीवर, मग चोवीस फूट चढ, मग सदर दरवाजासमोर पाच फूट सपाट. पायऱ्याही ठेवायच्या, ज्यांना रॅम्पपेक्षा पायरी सोपी जाते असेही पुष्कळ असतात.

अड्डेवाल्यांनी सकाळीच मला गाठलं. रोवाक कापला तर आम्ही बसायचं कुठे? त्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा होता. या माणसांसाठी डे केअर काढायचं आणि त्यांची इतक्या वर्षांची बसायची जागा त्यासाठीच मोडायची, हे चालणार नाही.

गवंड्याबरोबर दोन तास खडूने रेघा मारल्या. रोवाक साडेपाच फूट रुंद, रॅम्पला चार फूट पुरतात. रस्त्याकडची दीड फुटाची पट्टी आहे त्या उंचीवर तशीच ठेवायची. रॅम्पचा बाहेरचा कठडा त्या पट्टीच्या आतल्या कडेला बसवायचा. म्हणजे पट्टीवर रस्त्याकडे तोंड करून बसलं की कठडा पाठीला येतो, इतकी वर्षं नव्हता तो टेका मिळतो. दोन फूट उंची बसायला जरा जास्त होते, म्हणून खाली सहा इंचांची पायपट्टी, तीही घराच्या हद्दीतच बसते. मेशोमोशायांनी खडूच्या रेघेच्या अलीकडे बसून पाहिलं, पाठ मागे नेऊन गवंड्याला कठड्याची उंची दोन बोटं कमी करायला सांगितली. ती कमी होणार नाही, चालणाऱ्याच्या हाताला उंची लागते. त्याऐवजी खालच्या उंचीवर दुसरा आडवा पाइप आहेच, तो त्यांच्या पाठीला बरोबर लागेल.

नकाशा उद्या शाईत करायचा. रोवाक पूर्ण घराच्या मालकीत आहे याचा जुना दस्त बोउदींनी ट्रंकेतून काढलाय, त्याची नक्कल नकाशाला जोडून सोमवारी महापालिकेत द्यायची. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणाला. पहिल्यांदा मीटरचा बोर्ड वर घ्यायचा.