घोडा लंगडला म्हणून...

शंभर मैलांची, म्हणजे तब्बल १६१ किलोमीटरची डोंगरवाट एका दमात पळायची आयडिया कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? एखाद्या कोचच्या? शूज विकणाऱ्या कंपनीच्या? छे! झालं असं, की एकाचा घोडा लंगडला.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतातून 'वेस्टर्न स्टेट्स ट्रेल' नावाची जुनी वाट जाते. आधी ती पायूट आणि वॉशो आदिवासींची होती, मग सोनं शोधायला आलेल्यांची झाली. ऑबर्न गावच्या वेंडेल रॉबी यांनी १९५५ मध्ये या वाटेवर घोडदौड सुरू केली. एका दिवसात शंभर मैल! चोवीस तासांत पोहोचलात, तर चांदीचं बक्कल. १९७३ मध्ये गॉर्डी एन्सली नावाच्या तरुणाचा घोडा वाटेतच लंगडला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. 'मग घोड्याशिवायच पळ की,' असं आयोजकांपैकी ड्रूसिला बार्नर यांनी सुचवलं. या बाई स्वतः १९६१ मध्ये ती घोडदौड जिंकलेल्या! पठ्ठ्याने ते मनावर घेतलं. १९७४ मध्ये तो घोड्यांच्या बरोबरीने पळाला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला. त्याच्या दोन वर्षं आधी सात सैनिकांनी ही वाट पायी पार केली होती, पण त्यांना जवळपास दोन दिवस लागले होते.

मला मात्र या गोष्टीतलं पुढचं वळण जास्त आवडतं. १९७७ मध्ये पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही घोड्यांसोबतच. १४ जण निघाले, पोहोचले तिघे. अँडी गोन्झालेस हा बावीस वर्षांचा पोरगा २२ तास ५७ मिनिटांत आला. उरलेले दोघे, पीटर माटेई आणि राल्फ पॅफेनबार्गर, एकत्रच पोहोचले, पण २८ तास ३६ मिनिटांनी. हे पॅफेनबार्गर म्हणजे व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध शोधणारे नामवंत संशोधक. तेव्हा वय ५४! घोड्यांच्या नियमाने दोघेही बाद. पण आयोजकांनी नियमावर बोट न ठेवता थेट डेडलाईनच वाढवून दिली. तीस तासांच्या आत येणाऱ्यालाही बक्कल, फक्त ब्राँझचं. (आपल्या बॉसना कुणीतरी हे सांगा हो!)

त्या जादा सहा तासांनी काय केलं बघा. १९७८ मध्ये शर्यत घोड्यांपासून वेगळी झाली, जूनमध्ये आली. ६३ जण पळाले. त्यात पॅट स्माइद ही शर्यत पूर्ण करणारी पहिली बाई ठरली. वेळ? २९ तास ३४ मिनिटं!

आज इथे एंट्री मिळणं हीच एक शर्यत आहे. वाटेचा काही भाग १९८४ पासून संरक्षित रानातून जातो, म्हणून फक्त ३६९ जणांना परवानगी. २०२४ च्या शर्यतीसाठी सुमारे दहा हजार अर्ज आले होते. मग लॉटरी! दरवर्षी नंबर लागला नाही, की पुढच्या वर्षी तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या दुप्पट.

ऑनसाईटला असताना मी मुद्दाम ऑबर्नला गेले. सॅक्रमेंटोहून पाऊण तासाच्या ड्राईव्हवरचं हे टुमदार गाव. रविवारी सकाळी आधी गाठला नो हँड्स ब्रिज. अमेरिकन नदीवरचा १९१२ चा कमानींचा पूल. कठडे नसतानाही इना रॉबिन्सन नावाची घोडेस्वार लगाम सोडून यावरून जायची, म्हणून हे नाव. म्हणजे इथेही घोडा आहेच! विजेते आदल्या संध्याकाळीच पोहोचले होते. आता येत होते ते रात्रभर चाललेले, धुळीने माखलेले, पायऱ्या उतरावं तसं सपाटीवर चालणारे. पुढे अजून साडेपाच किलोमीटर आणि एक चढ.

फिनिश आहे प्लेसर हायस्कूलच्या ट्रॅकवर. सकाळी दहा ते अकरा हा शेवटचा तास म्हणजे 'गोल्डन अवर'. सगळं गाव, आदल्या दिवशीचे पाय सुजलेले हीरोसुद्धा, टाळ्या वाजवायला हजर. २०१५ मध्ये गुनहिल्ड स्वॉन्सन या सत्तर वर्षांच्या आजी २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांनी आल्या. सहा सेकंद राखून! त्यांच्या शेजारी शेवटचा मैलभर कोण पळत होतं? त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार. पायात चक्क स्लिपर्स!

मी गेले तेव्हा अकरा वाजले तरी एक जण अजून वळणावर होता. त्याला बक्कल नाही, निकालपत्रात नावही नाही. डेडलाईन कितीही ताणली, तरी कुठेतरी संपतेच. पण स्टँडमधलं कुणी उठून गेलं नाही. तो येईपर्यंत टाळ्या चालू होत्या. माझ्याही.