तळेघरहून बहारीन किती लांब?

मंचर, घोडेगाव, डिंभे धरण मागे टाकून भीमाशंकरच्या रस्त्याने वर चढले की तळेघर लागते. वर्षावासानिमित्त आम्ही तेथे गेलो, तेव्हा पाऊस कोसळत होता. वंदना आटोपल्यावर एका माउलीने विचारले, "दादा, पोरगं बहारीनला गवंडीकामाला जायचं म्हणतंय. कुठं आलं ते? आपला रुपया चालतो का तिथं?"

आम्ही चकितच झालो, कारण एके काळी तो खरोखर चालत होता! बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा हाच रुपया तिकडच्या मोत्यांच्या व्यापारात फिरत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. १९६५ साली बहारीनने स्वतःचा दिनार आणला. आज एका दिनारला दोनशेहून अधिक रुपये पडतात.

देश म्हणजे समुद्रातील बेटे, सारी मिळून पुणे जिल्ह्याच्या विसाव्या हिश्शाएवढी. राजधानी मनामा, भाषा अरबी. १९३२ साली तेल लागले. १९७१ मध्ये ब्रिटिश अंमल संपला, तोही १५ ऑगस्टलाच. नदी एकही नाही, समुद्राचे पाणी गोडे करून पितात. हे ऐकून माउली बाहेरच्या पागोळ्यांकडे बघून हसली. निम्म्याहून अधिक वस्ती परदेशी, त्यात आपले लोक पुष्कळ.

मुलगा नववी शिकलेला. दहावी नसलेल्याला तिकडे नोकरीसाठी उत्प्रवास मंजुरी लागते, दलालही सरकारी परवान्याचा हवा. त्यालासुद्धा सेवाशुल्क तीस हजार आणि वर कर, एवढेच घेता येते. येथे मागितले होते ऐंशी हजार, तेही बिनपावतीचे! माउली गळ्यातली पोत गहाण टाकायला निघाली होती.

"आधी परवान्याचा नंबर माग," आम्ही मुलाला म्हणालो. तो त्याच पावसात, रेंज मिळते त्या वळणाकडे फोन घेऊन गेला.